तांत्रिक बिघाड: शिकण्याची संधी की हलगर्जीपणा? फरक कसा ओळखायचा

"तांत्रिक अडचणीमुळे सेवा तात्पुरती बंद आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." ही ओळ तुम्ही कधी ना कधी वाचली असेलच. यूपीआय अडकतं, निकालाची साइट उघडत नाही, रेशन दुकानात मशीनवर अंगठा घेतला जात नाही. आपल्याला बाहेर एवढंच कळतं. कंपनीच्या मीटिंगमध्ये मात्र त्याच घटनेला एक गोंडस नाव मिळतं: "लर्निंग". म्हणजे झालं ते झालं, यातून आपण शिकलो. आणि ज्यांचे पैसे अडकलेत, निकाल लटकलाय, ते म्हणतात: कसलं शिकणं, हा सरळ सरळ हलगर्जीपणा आहे, जबाबदार माणसाला घरी पाठवा.

मग खरं काय?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गाव खोडाळा, तालुका मोखाडा, जिल्हा पालघर. नोकरीत ठरावीक आठवडे मला "ऑन-कॉल" राहावं लागतं. म्हणजे रात्री दोन वाजता सिस्टिम पडली तर फोन मला येतो. त्यामुळे बिघाडानंतर आत काय चालतं ते मी रोज बघते, आणि गावाकडे गेले की त्याच बिघाडाची दुसरी बाजूही दिसते. आजच्या लेखात आपण बघू की चूक आणि हलगर्जीपणा यात नेमका फरक काय, आपल्याकडच्या मोठ्या प्रकरणांतून काय दिसतं, आणि एक वापरकर्ता म्हणून तुम्ही हा फरक कसा ओळखायचा.

थोडक्यात उत्तर

- चूक झाली म्हणजे लगेच हलगर्जीपणा झाला असं नाही. माणसं चुकतात, मशीन बिघडतं.
- धोका माहीत होता, टाळता येत होता, तरी कुणीतरी "चालतंय" म्हणून पुढे गेलं, तर तो हलगर्जीपणा.
- "आम्ही शिकलो" हे बोलून सिद्ध होत नाही. दुरुस्ती झाली, तेच पुन्हा घडलं नाही आणि नुकसान भरून दिलं, तरच ते शिकणं.

आता हे नीट समजून घेऊ.

चूक, जोखीम आणि हलगर्जीपणा म्हणजे काय?

आमच्याकडचं उदाहरण देते. खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसाऱ्याला जीप जाते. घाटरस्ता, पावसाळ्यात धुकं.

१. चूक: चालक अनुभवी आहे, गाडी ठीक आहे, पण धुक्यात वळणाचा अंदाज चुकला. त्याला तसं करायचं नव्हतं, आणि त्याच्या जागी दुसरा चांगला चालकही चुकू शकला असता.

२. जोखमीची सवय: दहा जणांच्या गाडीत पंधरा जण बसवले. कारण सगळेच बसवतात आणि आजवर काही झालं नाही. वाईट हेतू नाही, पण धोका हळूहळू नेहमीचा झाला.

३. हलगर्जीपणा: मेकॅनिकने सकाळीच सांगितलं होतं की ब्रेक गेलेत, आज गाडी काढू नका. मालक म्हणाला, "आज बाजार आहे, काढ."

तिन्ही प्रसंगांत अपघात एकच होऊ शकतो. म्हणून किती नुकसान झालं यावरून दोष ठरत नाही. लहान चुकीने मोठं नुकसान होतं आणि मोठा हलगर्जीपणा नशिबाने वर्षभर पचूनही जातो. बघायचं असतं ते अपघाताच्या आधी कुणाला काय माहीत होतं, आणि त्याने काय ठरवलं.

तिसऱ्या प्रसंगात स्टिअरिंग चालकाच्या हातात होतं, पण निर्णय मालकाचा होता. सॉफ्टवेअरमध्येही बहुतेक वेळा असंच असतं. कीबोर्डवर चूक घडते, हलगर्जीपणा त्याच्या कितीतरी आधी मीटिंगमध्ये घडलेला असतो.

कायद्यातही साधारण हाच विचार दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात डॉक्टरांबद्दल म्हटलं की निर्णयातली प्रत्येक चूक किंवा प्रत्येक अपघात म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्या व्यवसायातला साधारण कुशल माणूस तिथे काय करेल, हे माप लावायचं. हे माप इंजिनिअरलाही लावून बघता येतं.

प्रकरण १: मुंबई विद्यापीठ, २०१७

पालघर जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत येतो, त्यामुळे जव्हार-मोखाड्यातल्या कॉलेजच्या मुलांनाही हे प्रकरण जवळचं.

२०१७ च्या उन्हाळी परीक्षेला विद्यापीठाने सगळ्या शाखांसाठी ऑनस्क्रीन मूल्यांकन आणलं. म्हणजे उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, सर्व्हरवर ठेवायच्या, आणि शिक्षकांनी कॉम्प्युटरवर बघून गुण द्यायचे. कल्पना चांगली. गठ्ठे इकडून तिकडे न्यायला नकोत, बेरीज आपोआप, गुण बदलण्याचे गैरप्रकार कमी.

पण हे १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिकांवर, ४७७ परीक्षांसाठी, एकदम करायचं ठरलं. तेही परीक्षा सुरू झाल्यानंतर कंत्राट देऊन. शिक्षकांचं प्रशिक्षण घाईत. स्कॅनिंगमध्ये गोंधळ, सर्व्हर संथ, काही उत्तरपत्रिका कुणाच्या तेच जुळेना. कायद्याप्रमाणे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. राज्यपालांनी कुलपती या नात्याने ३१ जुलैची मुदत दिली. तीही हुकली. निकाल लांबत लांबत सप्टेंबरपर्यंत गेले. तोवर बाहेरच्या विद्यापीठांचे प्रवेश बंद होत होते, नोकरीच्या ऑफरला गुणपत्रिका लागत होती. शेवटी २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आलं. विद्यापीठाच्या १६० वर्षांच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

हे शिकणं की हलगर्जीपणा? तंत्रज्ञान म्हणून ऑनस्क्रीन मूल्यांकन वाईट नव्हतं, पुढेही ती पद्धत चालू राहिली. स्कॅनिंगमधली एखादी गडबड ही चूक. पण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगाही सांगेल की नवी सिस्टिम आधी लहान प्रमाणात चालवून बघायची असते. एक शाखा घ्या, एक सेमिस्टर घ्या, जुनी पद्धत बाजूला तयार ठेवा. आमच्या भाषेत याला "पायलट" आणि "रोलबॅक" म्हणतात. इथे एवढ्या मोठ्या बदलाला पुरेसा पायलट नव्हता आणि मागे फिरायची सोपी वाटही नव्हती. हा धोका दिसत होता. म्हणून माझ्या मते हे "शिकण्याची संधी" या खात्यात बसत नाही. जो धडा पुस्तकात आधीच छापलेला आहे, तो लाखो मुलांच्या निकालावर पुन्हा शिकायची गरज नव्हती.

प्रकरण २: राष्ट्रीय शेअर बाजार, २४ फेब्रुवारी २०२१

सकाळी ११.४० ला मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातले, म्हणजे एनएसईचे व्यवहार थांबले. पुन्हा सुरू झाले ते दुपारी ३.४५ ला, आणि बाजार त्या दिवशी ५ वाजेपर्यंत चालवावा लागला. मधल्या काळात मुंबई शेअर बाजार चालू होता. पण ज्यांचे सौदे एनएसईवर उघडे होते ते अडकले, आणि अनेकांचे सौदे ब्रोकरने मिळेल त्या भावाला बंद केले.

कारण काय? एनएसईची दोन टेलिकॉम कंपन्यांकडून घेतलेली जोडणी होती. एक गेली तर दुसरी, असा विचार. पण दोन केंद्रांमधल्या रस्त्यावर खोदकाम आणि बांधकाम चाललं होतं, आणि दोन्ही कंपन्यांच्या जोडण्या त्याच काळात डळमळल्या. त्यात डेटा साठवणारी यंत्रणा अपेक्षेपेक्षा वेगळी वागली.

यातला पहिला भाग खरंच शिकण्यासारखा आहे. कागदावर दोन जोडण्या असल्या तरी दोघींवर एकाच वेळी संकट येत असेल, तर वेळेला त्या एकच. गावात दोन कंपन्यांची सिम घेतली आणि दोन्हींचा टॉवर एकच निघाला, तसं हे. असं काही आधी लक्षात न येणं ही चूक असू शकते.

पण दुसरा भाग वेगळा. अशाच वेळेसाठी एनएसईचं पर्यायी केंद्र होतं. त्या दिवशी कामकाज तिथे हलवलं गेलं नाही. म्हणून पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केला: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत "आपत्ती" जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. म्हणजे "थोडं थांबू, सुरू होईलच" असं म्हणत बसायची मुभाच काढून घेतली. शिकणं असं दिसतं: घटना, तिचं कारण, आणि त्यातून निघालेला मोजता येईल असा नियम.

प्रकरण ३: एचडीएफसी बँक, २०१८ ते २०२०

एचडीएफसी बँकेचं नवं मोबाइल अॅप नोव्हेंबर २०१८ मध्ये आलं आणि लगेच कोसळलं, मागे घ्यावं लागलं. डिसेंबर २०१९ मध्ये ऑनलाइन सेवा पुन्हा अडली. २१ नोव्हेंबर २०२० ला मुख्य डेटा सेंटरमधली वीज गेली आणि इंटरनेट बँकिंग व पैसे पाठवणं परत बंद.

२ डिसेंबर २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने आदेश दिला: नव्या डिजिटल योजना थांबवा, नवे क्रेडिट कार्ड ग्राहक घेऊ नका. आणि बँकेच्या संचालक मंडळाने त्रुटी तपासून जबाबदारी निश्चित करावी. कार्डवरची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली, बाकीची मार्च २०२२ मध्ये.

इथे बघण्यासारखं काय आहे? रिझर्व्ह बँकेने पहिल्या बिघाडाला हा दंडुका उगारला नाही. दोन वर्षांत तेच तेच होत राहिलं तेव्हा उगारला. आणि जबाबदारी ठरवायला सांगितली ती संचालक मंडळाला, डेटा सेंटरमधल्या रात्रपाळीच्या माणसाला नाही. पहिल्यांदा घडतं ते अपघात असू शकतं. पण तिसऱ्यांदा घडलं तर त्याआधीच्या दोन वेळांना काय शिकलात, हा प्रश्न येणारच.

उलट उदाहरण: गिटलॅबने काय केलं?

गिटलॅब ही प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एक इंजिनिअर डेटाबेसची अडचण सोडवत होता. दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा होता, कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता.

मग बॅकअप शोधले तर एकेक करत कामाचे नाहीत असं निघालं. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्याने होतच नव्हता, आणि तो होत नाही हे सांगणारे ईमेलही पोचत नव्हते. नशिबाने त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी हाताने एक प्रत काढून ठेवली होती. तिच्यावरून साइट उभी राहिली, सहा तासांचा डेटा मात्र कायमचा गेला.

या एका घटनेत तिन्ही गोष्टी आहेत. चुकीच्या सर्व्हरवर कमांड चालणं ही थकलेल्या माणसाची चूक. बॅकअप परत चढवता येतो का हे कुणी तपासतच नव्हतं, हा कंपनीचा हलगर्जीपणा. आणि नंतर जे केलं ते शिकणं: दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं, काय चुकलं ते सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं, कोणती दुरुस्ती करणार त्याची यादी सगळ्यांसमोर ठेवली. बॅकअपची जबाबदारी नेमकी कुणाची हे ठरलेलंच नव्हतं, हेही कबूल केलं.

त्या इंजिनिअरला काढून टाकलं असतं तर बातमी एका दिवसात संपली असती. आणि बॅकअप तसेच बंद राहिले असते.

"पोस्टमॉर्टेम" म्हणजे काय? दोष न देणं म्हणजे सूट देणं का?

मोठा बिघाड झाला की आम्ही एक लेखी अहवाल करतो, त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. किती वाजता काय झालं, कुणाला कधी कळलं, कारण काय, आणि पुन्हा होऊ नये म्हणून कोण कोणत्या तारखेपर्यंत काय करणार. चांगल्या कंपन्यांत हा अहवाल "दोष न देणारा" असतो. ही रीत विमान क्षेत्रातही जुनी आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे विमान अपघाताच्या तपासाचा उद्देश एकच: पुढचा अपघात टाळणं, दोष ठरवणं नाही.

यामागचं कारण साधं आहे. नोकरी जाईल अशी भीती असली की माणूस खरं सांगत नाही. खरं कळलं नाही की खरं कारण दुरुस्त होत नाही.

पण या रीतीचा गैरवापरही होतो, आणि तो मी जवळून बघितला आहे. "आपल्याकडे कुणाला दोष देत नाही" असं म्हणत अहवाल लिहिला जातो, शेवटी दुरुस्तीची पाच कामं लिहितात, आणि ती कामं यादीत महिनोन्महिने पडून राहतात. कारण नवं फीचर आधी हवं असतं. पुढचा बिघाड झाला की जुना अहवाल उघडतात आणि तेच वाक्य सापडतं. माझ्या मते शिकणं तिथे संपतं आणि हलगर्जीपणा सुरू होतो. दोष न देण्याची सूट त्या रात्री बटण दाबणाऱ्याला आहे. दुरुस्तीचं काम माहीत असून सहा महिने मागे ढकलणाऱ्याला नाही.

दोष वापरणाऱ्यावर ढकलला तर?

याहून वाईट प्रकार म्हणजे सॉफ्टवेअरची चूक समोरच्या माणसाच्या माथी मारणं. ब्रिटनमध्ये पोस्ट खात्याने १९९९ पासून "होरायझन" नावाची हिशेबाची सिस्टिम आणली. ती हिशेबात तूट दाखवायची, जी प्रत्यक्षात नव्हती. पोस्ट चालवणारे लोक सांगत होते की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. पण सिस्टिम चुकत नाही असं धरून ९०० हून अधिक जणांना चोरी, फसवणुकीसाठी दोषी ठरवलं. काही तुरुंगात गेले. हे निकाल सरसकट रद्द करायला २०२४ मध्ये तिथल्या संसदेला वेगळा कायदा करावा लागला.

बग असणं ही चूक होती. तक्रारी येत असूनही "एकट्या तुझ्याच दुकानात कसा बिघाड होतो?" असं विचारत राहणं, यात शिकण्याचा काही संबंध नव्हता. हे उदाहरण दूरचं वाटेल, पण रेशन दुकानातली आजी "माझा अंगठा नेहमी लागतो" म्हणते आणि मशीन "जुळत नाही" म्हणतं, तेव्हा आपण कुणावर विश्वास ठेवतो ते आठवून बघा.

शिकण्याची फी कोण भरतं?

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तो आमच्या मोखाड्यातून समजायला सोपा जातो.

आमच्याकडे भात कापून झालं की शेतात फारसं काम उरत नाही. घरं वीटभट्टीला किंवा शहराकडे बांधकामावर जातात, नाहीतर रोजगार हमीच्या कामावर. रोजगार हमीची हजेरी पूर्वी कागदी मस्टरवर व्हायची. मे २०२२ पासून २० किंवा जास्त मजूर असलेल्या कामांवर आणि १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सगळ्या कामांवर ती मोबाइल अॅपवर सक्तीची झाली. एनएमएमएस असं त्या अॅपचं नाव. कामावर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा, त्यात वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदलं जातं. उद्देश खोटी नावं रोखण्याचा, आणि तो बरोबरच आहे.

पण विचार करा. डोंगरातला पाडा, नेटवर्क एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तर मिळतं. अॅपमध्ये फोटो आधी काढून नंतर चढवायची सोय होती. पण फोन बंद पडला, अॅप अडकलं, दुपारचा फोटो चढलाच नाही, तर माणूस दिवसभर राबूनही अॅपच्या लेखी गैरहजर. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. अपवाद म्हणून हाताने हजेरी लावता येत होती, पण त्यासाठी मंजुरी जिल्हा पातळीवरून. मजुराने ती कशी मिळवायची?

आता दोन नियम शेजारी ठेवून बघा.

- बँक: रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे यूपीआयने पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले नाहीत, तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. तुम्ही न मागता.
- मनरेगा: या कायद्यात मजुरी उशिरा मिळाली तर भरपाई थकलेल्या रकमेच्या दिवसाला ०.०५ टक्के होती. सहा दिवसांच्या १,७८२ रुपयांवर हे व्हायचे दिवसाला साधारण ८९ पैसे. आणि हजेरीच लागली नाही तर मजुरी थकलीये असं कागदावर दिसतच नाही, मग ८९ पैसेही नाहीत.

बँकेच्या बिघाडाची फी बँक भरते, म्हणून बँकेला बिघाड कमी करायची घाई असते. दुसऱ्या बाजूला फी मजूर भरतो. तिथे सॉफ्टवेअर करणाऱ्याला शिकायची घाई कशाला असेल? "आम्ही शिकतोय" असं म्हणणारा एक आणि त्या शिकण्याचे पैसे भरणारा दुसरा, अशी वाटणी असेल तर ते शिकणं मला पटत नाही.

हे पाच प्रश्न विचारा

पुढच्या वेळी "तांत्रिक अडचण" ऐकलं की हे विचारून बघा. कंपनी असो, कॉलेज असो, सरकारी अॅप असो.

१. आधी माहीत होतं का? कुणी इशारा दिला होता का, किंवा त्या क्षेत्रात हा धोका सगळ्यांना माहीत आहे का?
२. मागे फिरायची वाट होती का? जुनी पद्धत, चालणारा बॅकअप, कागदी नोंद, काहीतरी?
३. खरं किती वेळात सांगितलं? की फक्त "तांत्रिक कारण" एवढंच?
४. हे पहिल्यांदा घडलं की परत? परत असेल तर मागच्या वेळी काय दुरुस्त केलं?
५. नुकसान कुणी भरलं? ज्याने सिस्टिम बनवली त्याने, की ज्याला ती वापरावीच लागते त्याने?

पहिल्या दोन प्रश्नांवरून हलगर्जीपणा होता का ते कळतं. पुढच्या तिन्हींवरून शिकणं खरं आहे का ते कळतं.

तुमच्या बाबतीत बिघाड झाला तर काय करायचं?

- पुरावा ठेवा. एररचा स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, व्यवहार क्रमांक. "काल चालत नव्हतं" एवढ्यावर कुणी ऐकत नाही.
- यूपीआय किंवा एटीएममध्ये पैसे अडकले तर आधी बँकेकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. एटीएमचे आणि दुकानदाराला केलेल्या यूपीआयचे अडकलेले पैसे ५ दिवसांत परत यायला हवेत, त्यानंतर दिवसाला १०० रुपये. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.
- निकालात गडबड वाटली तर उत्तरपत्रिका बघायला मागा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे.
- घरच्या कुणाची हजेरी अॅपवर लागली नाही तर त्याच दिवशी मुकादम किंवा रोजगार सेवकाला सांगा आणि ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. घरात स्मार्टफोन चालवणारे तुम्हीच असाल, तर हे काम तुमचंच आहे असं समजा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बिघाड करणाऱ्या कर्मचाऱ्याला काढून टाकावं का?
चूक असेल तर नाही. त्याला आता तो धोका सगळ्यांत चांगला कळलाय. त्याने इशारा लपवला, खोटं सांगितलं किंवा नियम माहीत असून मुद्दाम मोडला, तर गोष्ट वेगळी.

मग वरिष्ठांवरच कारवाई व्हावी का?
वेळ, पैसा आणि मंजुरी ज्याच्या हातात होती त्याच्यापासून चौकशी सुरू व्हावी. टेस्टिंगला दोन महिने मागितले आणि दोन आठवडे दिले, हा निर्णय कुणाचा ते आधी विचारायचं.

मी नुकताच नोकरीला लागलोय, माझ्या हातून मोठा बिघाड झाला तर?
लगेच सांगा, एकट्याने झाकायचा प्रयत्न करू नका. पहिल्या पाच मिनिटांत सांगितलेली चूक बहुतेक वेळा चूकच राहते. दोन तास लपवलेली चूक हलगर्जीपणा होते.

तर मित्रमैत्रिणींनो, बिघाड होणारच. माझ्या फोनवरही आज रात्री अलार्म वाजू शकतो. पण "यातून आम्ही शिकलो" असं कुणी म्हणालं की एवढंच विचारा: काय बदललं ते दाखवा, आणि आमचं गेलेलं कधी भरून देताय ते सांगा.